बिनड्रायव्हरची गाडी आणि मन्मथअप्पा

आमच्या शेजारच्या मन्मथअप्पांना कुणीही चहा दिला की ते एक घोट घेतात, कप खाली ठेवतात आणि निकाल सांगतात. निकाल बहुतेक एकच असतो, "नापास." उदगीरच्या आमच्या गल्लीतला चहा, नवा रस्ता, गल्लीत येणारे पाहुणे आणि स्वतःचे दोन्ही जावई त्यांनी नापास करून ठेवले आहेत.

यात त्यांचा फारसा दोष नाही. त्यांचा सारा जन्म लायसनच्या परीक्षा घेण्यात गेला. मलाही त्यांनी तीनदा नापास केलं होतं. शेजारी म्हणून सवलत मिळेल, ही माझी भाबडी समजूत. दर वेळी कागद परत देत ते एवढंच म्हणायचे, "पुढल्या सोमवारी परत या." रिटायर झाले तरी दुसऱ्याच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो.

मध्यंतरी पेपरात आलं, की बिनड्रायव्हरच्या गाड्या रस्त्यावर सोडायच्या झाल्या तर नियम काय असावेत, यावर सरकार विचार करतंय. ही बातमी मी कट्ट्यावर मोठ्यानं वाचली आणि फसलो. सरकारनं अप्पांना विचारलं नव्हतं, पण अप्पा अशा किरकोळ गोष्टीला अडत नाहीत. संध्याकाळी ते माझ्या घरी हजर.

"लिव्हा, सर."

मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून लेखनिक मी, नियम अप्पांचे. नव्या गाडीच्या चाकाखाली पूजेला लिंबू ठेवतात, त्याला गाडीनं अडथळा समजू नये, नाहीतर मुहूर्त टळायचा आणि गाडी जागची हलायची नाही. वरातीत रस्त्यावर लोळून नाचणाऱ्याला जखमी समजून ॲम्ब्युलन्स बोलावू नये. रस्ता चुकल्यास काच खाली करून दोन माणसांना विचारावं, कारण पहिल्याला माहीत नसलं तरी तो "सरळ जावा" म्हणतो. आणि म्हशीपुढं हॉर्न वाजवू नये. "गाडी शिकलेली आसंल, म्हस न्हाई," अप्पा म्हणाले.

पंधरा नियमांत गाडी पार नापास झाली. सोळाव्याला मात्र अप्पा अडखळले.

"लिव्हा. आत बसलेल्या मानसाला दिसतंय का न्हाई, हे गाडीनं कुनाला सांगू नये."

माझं पेन थांबलं. मी विचारलं, "अप्पा, कुणाला दिसत नाही?"

मग अप्पांनी सांगितलं. लायसन नव्यानं करायला गेले, तर डोळ्यांच्या तक्त्यावरची मोठी अक्षरंसुद्धा ओळखू येईनात. डॉक्टर ओळखीचे, सही करतो म्हणाले. अप्पांनीच करू दिली नाही. स्वतःला नापास करून ते मुकाट घरी आले होते. तेव्हापासून जळकोटला थोरल्या बहिणीकडं दर सोमवारी गाडी घेऊन जाणं बंद झालं. अक्का ऐंशीच्या, एकट्या राहतात. मी म्हटलं, मग जावयाला घेऊन जा की.

"कुनी चालवत आनलं तर अक्का विचारील, तू का चालवीनास? डोळे गेले म्हनलं तर भाकर सोडंल ती. तिला माझ्याबिगर कोन हाय? दारात बसून वाट बघून राहिली आसंल. बिनड्रायव्हरची गाडी आली म्हंजी बरं हुईल."

जिला पंधरा वेळा नापास केलं, तिचीच हा माणूस वाट बघत होता. मला फार वाईट वाटलं. भिंतीला भिंत असून इतके दिवस कळलं नाही, याची लाजही वाटली.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली. जळकोटपर्यंत अप्पांचा पाय माझ्या गाडीच्या मॅटवर ब्रेक दाबत होता. अक्कांची गल्ली अरुंद, गाडी वळणावरच लावावी लागते. तिथं मी किल्ली काढून अप्पांच्या हातात दिली. पाठ झालेल्या गल्लीतून ते किल्ली बोटावर फिरवत गेले.

"आलास का रे? चालवून दमला आसशील," अक्कांचा आवाज मला गाडीपर्यंत ऐकू आला.

दोन तास मी एसीविना भाजत बसलो. अप्पा आले, काखेत भाकरीचं गठुडं. उदगीर येईपर्यंत पाय मॅटवर ब्रेक दाबतच होता. घरासमोर उतरताना दार धरून उभे राहिले.

"सर, ब्रेक लई उशिरा दाबता तुमी. नापास."

मी मान खाली घातली.

"पुढल्या सोमवारी परत या."