आच्छादनाचा विकार

माझ्या हातून आजवर जे घोळ झाले ते सगळे शुद्ध हेतूने झाले. हा एक तेवढा शुद्ध भाषेपायी झाला.

आमच्या मारिसेलाला मागणी घालायला मुलाची आई नदीपलीकडून, मेक्सिकोतल्या मोंतेरेहून यायची होती. ओर्तेन्सियाबाई. तीस वर्षं स्पॅनिश व्याकरण शिकवलेली बाई. आणि आम्ही पडलो नदीच्या अमेरिकी काठावरच्या लारेडोची माणसं. आमचं वाक्य स्पॅनिशमध्ये निघतं ते पूल ओलांडून इंग्रजीत पोचतं. एवढ्यावरून पोरीचं लग्न अडायला नको, म्हणून मी ठरवलं, रविवारपर्यंत निव्वळ शुद्ध स्पॅनिश बोलायची.

"तेयो, तुझ्याच्यानं नाही व्हायचं," बायको म्हणाली. नोरा एलिया नेहमीच असं म्हणते. (नेहमीच बरोबरही ठरते, पण ते असो.)

जेवणाच्या टेबलावर छप्पर गळत होतं. एरवी आम्ही छपरं दुरुस्त करणाऱ्या चानोला दोन शब्द सांगतो, 'रूफो लिकेआ'. रूफ आणि लीक इंग्रजीतले, शेपट्या स्पॅनिश. या खेपेस मी शब्दकोश उघडून फोन लावला.

"चानो, आमच्या आच्छादनास जलस्रावाचा विकार जडला आहे."

चानोने आवाज खाली आणला. "कधीपासून?"

"गेल्या पावसापासून."

"अरेरे. दुखतं का रे?"

"दुखायचंय काय त्यात? पण रविवारी पाहुण्या यायच्यात."

"धीर सोडू नकोस. मी येतो."

रविवारी ओर्तेन्सियाबाई टेबलाशी बसल्या आणि चानो आला. हातात ना हातोडी ना खिळे, कोंबडीच्या सुपाचं पातेलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "आता लघवीला कसं होतंय?"

मी व्याकरणशुद्ध उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पाऊस आला. पहिला थेंब बाईंच्या भांगात पडला, दुसरा सुपात. झालं, मोडलं लग्न. मी 'महोदया, कृपया आपले आसन' इथवर पोचलो, तोवर नोरा एलिया ओरडली, "चानो, रूफो लिकेआ!"

चानोने पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं, गाडीतून शिडी आणली आणि वर जाऊन ताडपत्री पसरली. "असं माणसासारखं सांगायला काय झालं होतं?" त्याने वरूनच विचारलं.

खरंच, काय भाषा आहे आमची. दोन शब्द आणि माणूस थेट छपरावर. पोळलेल्या मांड्यांनिशी माझा ऊर भरून आला.

ओर्तेन्सियाबाईंनी पर्समधून वही काढली. "लिकेआ," त्यांनी तोंडात घोळवून पाहिलं आणि लिहून घेतलं. "किती नेमकं. आणि क्रियापद अगदी नियमात चालतं हो. आता सूनबाईकडून सगळंच शिकून घेते."

चक्क 'सूनबाई' म्हणाल्या बाई! नोरा एलियाने टेबलाखाली माझा हात दाबला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. मागच्या बाकावरच्या पोराशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुमचंही कौतुक आहे. या वयात स्पॅनिश शिकायला घेतलीत. किती महिने झाले?"