न कापलेला सातवा खंड

ब्रिस्टल शहरात ज्या घरी मिस डॉर्कस वेनलो यांचे समग्र वाङ्मय, एकूण खंड अकरा, नाही ते घर सभ्य नव्हे, यावर सर्व सभ्य घरांचे एकमत होते. बाई वारल्याला चार वर्षे झाली होती. त्यांनी धार्मिक कविता लिहिल्या, धार्मिक नाटके लिहिली. ते वाचून आपण किती रडलो, हे लोक एकमेकांना चहा घेताना सांगत.

आता त्या काळचे पुस्तक म्हणजे दुमडलेल्या तावांची चळत. पानांच्या कडा जुळलेल्याच येत. घरी आणून त्या चाकूने कापायच्या, मग वाचायचे. पहिल्या खंडाच्या आरंभी वर्गणीदारांची नावे छापली होती. तेवढी पाने घरोघरी मोठ्या तत्परतेने कापली गेली. स्वतःचे नाव सापडले की चाकू थांबे.

हे अकराही खंड दुमडले नि शिवले होते लेटिस गॅरोने. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात लेक केझाया. बांधणीच्या कारखान्यात कात्रणांच्या टोपलीत लेकीला निजवायची आणि ताव दुमडायची. दुमडण्याआधी तावावर निम्मी पाने उलटी असतात. लेटिसने सुलटी वाचली, उलटीही वाचली. त्यातल्याच ओळी गुणगुणून लेकीला थोपटले. बघता बघता केझाया सहा वर्षांची झाली.

बाईंच्या स्मरणार्थ गरीब मुलींची शाळा निघाली. एकच जागा उरली होती. ती हुकली तर केझाया पुढच्या सोमवारी पिनांच्या कारखान्यात जाणार. तिथल्या पोरींची बोटे लेटिसने पाहिली होती. शाळेचा नियम असा : उमेदवार मुलीच्या आईस बाईंच्या समग्र वाङ्मयाचा परिचय असावा.

लेटिस हरखली. असा नियम आपल्यासाठीच केला, असे तिला वाटले. गरिबाला असे अधूनमधून वाटते.

शाळेच्या समितीत दोघे होते. अध्यक्षा लेडी थ्रॉस्बी आणि पाद्री पायबस.

"खंड किती?" पाद्रीसाहेबांनी विचारले.

"अकरा, साहेब."

"पुठ्ठ्याचा रंग?"

"निळा."

"पहिल्या खंडातल्या वर्गणीदारांत या बाईसाहेबांचं नाव कितव्या ओळीत आहे?"

"ते नाही ठाऊक, साहेब. पण सातव्या खंडातलं नाटक तोंडपाठ आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. असे उत्तर त्यांच्या यादीत नव्हते.

"बोल," बाईसाहेब सावधपणे म्हणाल्या.

"त्यात एक विधवा दारात उभी असते. आतल्या धार्मिक बायका तिला तिची पापं विचारत बसतात, इतका वेळ की सूप गार होतं. मग आत बसलेला देवच उठतो, त्या बायकांना सोडून तिच्यापाशी पायरीवर जाऊन बसतो. बाईसाहेब, तिथं मला दर वेळी रडू येतं."



"आमच्या मिस वेनलो असलं लिहिणंच शक्य नाही!" लेडी थ्रॉस्बी कडाडल्या. "मी काय वाचल्या नाहीत त्या?"

"सातवा खंड काढून बघा ना, बाईसाहेब."

खंड आला. सगळ्या कडा जुळलेल्या. लेटिसने झग्याच्या खिशातून ताव दुमडायची हाडाची पट्टी काढून नम्रपणे पुढे केली. "हिनं कापलं जाईल. एकशे बारावं पान."

पट्टीला कोणी हात लावीना. पान कापावे, तर आजवर कापले नव्हते हे नोंदले जाणार.

पाद्रीसाहेब खाकरले. "ज्या अर्थी या समितीतल्या कोणीही ते पान पाहिलेलं नाही, त्या अर्थी ते नाही."

"पण मी पाहिलंय ना!"

"तेच विचारतो. तू कसं पाहिलंस? तुझं नाव वर्गणीदारांत आहे? वाढपिणीनं पातेल्यात बोटं घालावीत, तसं झालं हे!"

ठराव झाला : अर्ज नामंजूर. कारखान्याला सूचना, की यापुढे ताव दुमडायला निरक्षर बायकाच घ्याव्यात. आणि वाचनाने गरिबांचे काय होते हे आज दिसल्यामुळे, शाळेत मुलींना वाचन न शिकवता शिवण शिकवावे. कापड दाबून बसवायला समग्र वाङ्मयाचे अकरा खंड शाळेस सप्रेम भेट.

बाहेर पायरीवर केझाया बसली होती. "आई, घेतलं मला?"

लेटिस तिच्याशेजारी टेकली. दोघींजवळ देव काही येऊन बसला नाही. तो सातव्या खंडात होता, आणि खंड बंद होता.

"नाही गं, राणी."

"मग सोमवारी?"

लेटिसने तिची दहाही बोटे एकेक करून मुठीत घेतली.

ते संच अजून कुठे कुठे काचेच्या कपाटांत उभे आहेत. त्यांना भाव चांगला येतो, कारण पाने न कापलेली आहेत. हसू नका. तुमच्याही कपाटात कोणाचे तरी समग्र वाङ्मय उभे असेल. हल्ली पाने कापूनच येतात, म्हणून तुम्ही सापडत नाही, इतकेच.