शेवटचा डबा पीटरकडं आहे

नवं पुस्तक हातात आलं की कुणी त्याचा वास घेतं, कुणी पहिल्या पानावर आपलं नाव घालतं. आमचे दामूआप्पा रापी घ्यायचे. चपला शिवणाऱ्याकडून खास आणलेली, दगडावर घासून धार लावलेली रापी. पुस्तक पाटावर उताणं ठेवायचं, कण्यावरून बोट फिरवून जागा हेरायची आणि कलिंगड चिरावं तसे त्याचे चार तुकडे करायचे. मग प्रत्येक तुकड्याला दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा आणि वर रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाचं कव्हर चढवायचं. पहिला तुकडा म्हणजे इंजिन, मधले दोन डबे आणि शेवटचा गार्डाचा डबा.

"अख्खी गाडी एकाच माणसाच्या दारात उभी करून काय उपयोग?" आप्पा म्हणायचे. "चौघांची सोय झाली पाहिजे."

या चौघांतला एक मी होतो. ही सोय मी मागितली नव्हती.

आप्पा माझ्या बायकोचे धाकटे चुलते. दौंड स्टेशनवर तिकीट तपासनीस होते. रिटायर झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर सोडावी लागली तेव्हा स्टेशनच्या मागंच दोन खोल्या घेऊन राहिले, कारण इंजिनाची शिट्टी ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मी शिरूरला बाजार समितीत कारकून. कांद्याच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिण्यात आयुष्य चाललेलं. इंग्रजीशी माझं भांडण मॅट्रिकपासूनचं आणि पहिल्या फेरीत तेच जिंकलेलं. अशा माणसाला आप्पांनी अमेरिकेतल्या नामांकित लेखकांची ताजी पुस्तकं वाचायला लावली, आणि तीही तुकड्या-तुकड्यांनी.

सुरुवात माझ्या बायकोनं, शांतानंच केली. "आप्पा एकटे हायेत. रविवारी जाऊन बघून या की," म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा हातात दिला. शिरूरहून दौंड म्हणजे न्हावरा, चौफुला करत एस.टी.नं सगळी हाडं वेगळी करून घ्यायची आणि संध्याकाळी परत येताना ती पुन्हा जुळवायची. तू स्वतः का जात नाहीस, असं मी एकदाच विचारलं. तिनं भाकरी थापता थापता नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी स्टँडवर गेलो.

आता दौंडसारख्या गावात अमेरिकेची नवी पुस्तकं यायची कुठून? तर गाडीनं. दौंडला मेल बराच वेळ थांबायची. नोकरीत असताना आप्पा डब्यात शिरले की आधी प्रवाशाच्या हातातलं पुस्तक बघायचे आणि मग आठवण झाली तर तिकीट. रिटायर झाल्यावरही त्यांनी काळा कोट सोडला नाही. प्लॅटफॉर्म तिकीट काढून ते पहिल्या वर्गाच्या खिडक्यांवरून फिरायचे आणि "वाचून झालं का?" म्हणून विचारायचे. ऐन आणीबाणीत एका वकिलाला हा काळा कोट बघून वाटलं की आपल्या हातातल्या पुस्तकावर बंदी आली. त्यानं ते निमूट काढून दिलं, वर "हे माझं नव्हतंच, सीटवर सापडलं" असंही सांगून टाकलं. बाकी आणीबाणीवर आप्पांचा राग होता, आणि कारण एकच. गाड्या वेळेवर धावायला लागल्या. "लोकांचं वाचून व्हायच्या आत दौंड येतं, जावईबापू. असं कसं चालेल?"

खरा पुरवठा मात्र गोऱ्या पोरांचा. केस वाढवलेली, अनवाणी, पाठीवर पोतं बांधलेली ही पोरं तेव्हा कुठून कुठून यायची आणि कुठं कुठं जायची. त्यांच्या पोत्यात एखादं जाडजूड पुस्तक हमखास असायचं. आप्पा खिडकीशी उकडलेल्या शेंगांचा पुडा धरायचे आणि विचारायचे, तुमच्याकडं सध्या चांगलं कोण लिहितंय? पोरं शेंगा खात नावं सांगायची, एकमेकांशी भांडायची, आणि गाडी हलताना वाचून झालेलं पुस्तक आप्पांच्या हातात कोंबायची. एकदा एक पोरगी म्हणे खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, पहिली पन्नास पानं सोसा, मग चांगलं आहे. आप्पांनी हा निरोप मला शब्दशः पोचवला. पहिली पन्नास पानं माझ्याच वाट्याला आली होती.

शिफारस करताना आप्पा लेखकाचं नाव घेत नसत, गाव घेत. "हा आपला शिकागोवाला, जरा शिवराळ आहे, पण मनाचा चांगला." "ही नेब्रास्काची बाई, मोठं बक्षीस मिळालंय तिला." जणू ही मंडळी शेजारच्या गोपाळवाडीला राहतात आणि सकाळी दूध घालायला येतात. मग मागच्या कव्हरावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे. "बघा, न्यूयॉर्कचा पेपर काय म्हणतो. एकदा हातात घेतलं की सुटत नाही. अमेरिकेत सध्या हेच चाललंय." न्यूयॉर्कच्या पेपरवाल्याला ते पुस्तक अख्खं मिळालं होतं, हे मी बोलून दाखवत नसे.

आणि पुढचा डबा असा सहज मिळत नसे. आधी परीक्षा.

"आधी सांगा, मग न्या," आप्पा खुर्चीत टेकून म्हणायचे.

नेब्रास्काच्या बाईंचं इंजिन वाचून मी पहिल्यांदा गेलो तेव्हाची गोष्ट. अर्धं डिक्शनरी बघून वाचलेलं, अर्धं न बघता सोडलेलं.

"एक मार्थाबाई आहेत," मी म्हणालो. "म्हाताऱ्या आहेत. शेती आहे. मैदान आहे."

"मैदानात काय आहे?"

"गवत."

"आणखी?"

मी विचार केला. "आणखी गवत."

आप्पांनी डोळे मिटले. "तुम्ही झोपलात, जावईबापू. मधे पवनचक्की गेली. एवढी मोठी पवनचक्की गेली आणि तुम्हाला दिसली नाही?"

खरं सांगायचं तर अमेरिकन लेखकाला मैदान दिसलं की तो चार पानं खाली उतरत नाही, आणि मी अशा वेळी पुढच्या स्टेशनावर जाऊन उभा राहायचो. आप्पांनी तोच डबा माझ्या पिशवीत परत घातला. मी चौफुल्याला गाडीची वाट बघत बसलो आणि नेब्रास्काच्या पवनचक्कीला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

परीक्षेच्या भीतीनं मी घरी उजळणी सुरू केली. संध्याकाळी ओट्यावर बसून, वाचलेलं मोठ्यानं मराठीत सांगायचं. ऐकायला शांता आणि आई. पुढं शेजारच्या कोंडाबाई फुलांची पाटी घेऊनच यायला लागल्या, म्हणजे ऐकता ऐकता हार होतात. आणि माझा घात झाला. ती गोष्ट त्यांना आवडली.

आवडण्यासारखीच होती. मार्थाबाईंना शेत विकून शहरात लेकीकडं जायचंय. लिलाव ठेवलाय. सगळं गाव गोळा झालंय. त्यांच्या भावाशी त्यांचं बोलणं बापाच्या वाटणीपासून बंद. तो भाऊ येतो, मागं झाडाखाली उभा राहतो, कुणाशी बोलत नाही. बोली वर वर जाते आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटच्या ओळीत तो भाऊ हात वर करतो. संपला डबा.

"आन् मग?" कोंडाबाईंच्या हातातली सुई थांबली.

"पुढचं दौंडला आहे."

"मेला जमीन घशात घालाया आलाय," कोंडाबाई म्हणाल्या. त्यांचे दीर कवठ्याला होते, आणि जमीनही त्यांच्याकडंच होती. त्यामुळं या विषयात त्यांचा अभ्यास होता.

"न्हाई गं," आई म्हणाली. "भाऊ हाय. त्यो घिल आन् बहिणीलाच परत दिल. न्हाईतर एवढ्या लांब झाडाखाली कशाला हुबा ऱ्हाईल?"

"तर तर. लय आलाय द्यायला."

दोघी त्या संध्याकाळी एकमेकींशी न बोलताच उठल्या. दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "रैवारी दौंडला जाऊन ये. त्या भावाचं काय ते बघून ये."

रविवारी दौंडच्या स्टँडवर उतरलो तर आप्पा समोर. हातात रिकामी पिशवी. "भाजीला आलो होतो," म्हणाले. नेहमीच असे भाजीला आलेले असायचे आणि पिशवी नेहमीच रिकामी असायची. त्यांच्या घरी दोन कप धुऊन उपडे घातलेले. भजी झाली, परीक्षा झाली, पवनचक्कीसकट मी पास झालो.

"द्या आता गार्डाचा डबा," मी म्हणालो.

"तो पीटरकडं आहे."

पीटर म्हणजे मेल ड्रायव्हर. आप्पांचा जुना दोस्त आणि त्यांच्याइतकाच वाचणारा. दोघांची पुस्तकांवरून भांडणं स्टेशनभर गाजलेली, एवढं मी ऐकून होतो.

पुढच्या खेपेला विचारलं. "पीटरला ड्यूटीतून सवड नाही." त्याच्या पुढच्या खेपेला, "पीटरचं होत आलंय, पण मधे दवाखान्यातल्या सिस्टरबाईंचा नंबर आहे."

"आप्पा, मी शिरूरहून येतो."

"रांग म्हणजे रांग. रेल्वेत वशिला चालत नाही, जावईबापू." आणि मला प्लॅटफॉर्मवर मेल दाखवायला घेऊन गेले. मी ती मेल इतक्यांदा पाहिली होती की तिचे डबे मला नावानिशी माहीत होते.

घरी मला तोंड दाखवायची चोरी झाली. कोंडाबाई फुलांची पाटी आणेनाशा झाल्या. आई जेवताना विचारायची, "तो हात अजून वरच हाय का?" असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. शेवटी एके दिवशी मी आप्पांच्या ओट्यावरून उठलो.

"मीच जाऊन आणतो पीटरकडून. क्वार्टर माहीत आहे मला."

आप्पांनी कप खाली ठेवला. "आज त्याला रेस्ट आहे. झोपला असेल. उठवू नका."

"दारातून मागतो." मी निघालो. मागून त्यांनी काहीतरी म्हटलं, मी थांबलो नाही.

पीटरच्या क्वार्टरपुढं एक बाई शेंगा वाळत घालत होती.

"कोन पायजे?"

"पीटरसाहेब आहेत का?"

"ते व्हय. ते गेलं की आस्ट्रेलियाला, लेकीकडं. आमाला हितं येऊन तीन वरसं झाली." तिनं पदरानं घाम पुसला. "तुमी आप्पांचं जावई का? शिरूरचं?"

मी मान हलवली. "दवाखान्यातल्या सिस्टरबाई तरी..."

"तेंची बदली झाली सोलापूरला. त्याच्याबी आदी." मग दारासमोरच्या कडुलिंबाकडं हात करून म्हणाली, "आप्पा येत्यात कवामवा. पीटरसायबासंगं हितंच बसायचं म्हनं दोगं. वाईच टेकत्यात आन् जात्यात. च्या घ्या म्हनलं तर घेत न्हाईत. म्हनत्यात, रैवारी जावई येतो माजा, तवा घेईन."

परत येताना मी चांगलाच तापलो होतो. म्हणजे रांग नव्हती. चार डबे आणि चारीही आप्पांच्या खाटेखालच्या ट्रंकेत. इतक्या एस.टी., इतकी भजी, ती पवनचक्की. काय काय बोलायचं ते मी वाटेत जुळवलं आणि माझ्या मते ते फार चांगलं जुळलं होतं.

आप्पा खाटेवर बसले होते. ट्रंक खाटेखालून अर्धी बाहेर ओढलेली. मांडीवर पंचा, आणि पंच्याखाली काहीतरी चौकोनी. काळा कोट घातलेला, सगळी बटणं लावलेली. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "भेटला का पीटर?"

पंच्याखालून वेळापत्रकाच्या कव्हराचा कोपरा दिसत होता. मी हात पुढं केला असता तर त्यांनी दिलं असतं.

"भेटला," मी म्हणालो. "म्हणाला, थोडं राहिलंय. बाईंचं इंग्रजी जड आहे म्हणाला."

आप्पांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडं पाहिलं, तिकीट खरं की खोटं बघावं तसं. बाहेर शंटिंगचं इंजिन शिट्टी देऊन गेलं. मग त्यांनी पंच्यासकट ते चौकोनी काही ट्रंकेत ठेवलं, झाकण लावलं आणि पायानं ट्रंक आत सरकवली.

"पवनचक्कीपाशी अडकला असेल," ते म्हणाले.

"तसंच असेल."

"होऊ द्या त्याचं. घाई कशाला करायची?" ते उठले आणि स्टोव्हला पिन मारायला लागले. माझ्याकडं पाठ होती. "तोवर शिकागोवाल्याचं इंजिन घेऊन जा. शिवराळ आहे, पण आता तुम्हाला झेपेल."

घरी पोचलो तेव्हा ओट्यावर आई होती, शांता होती, आणि कोंडाबाईही पाटी घेऊन आल्या होत्या. तिघींनी एकदमच माझ्या पिशवीकडं पाहिलं.

"मिळाला का शेवट?"

"नाही. पीटरकडं आहे अजून."

शांतानं माझ्याकडं पाहिलं. पीटरला ती लहानपणापासून ओळखत होती, काका म्हणायची; त्याची खबर तिच्याकडं असायचीच. पुढच्या खेपेला चटणी जरा जास्त कुटायला हवी, एवढंच पुटपुटली आणि आत गेली.

"लयच संथ वाचतो बाई तुझा तो पीटर," आई म्हणाली.

"हो ना," मी म्हणालो. "आणि त्याच्यामागं अजून सिस्टरबाई आहेत."