हरहुन्नरी एलादिओची कायमची जागा

ज्याला एकच काम येतं, आणि तेही जेमतेम, त्याची संस्थेतली जागा कायम असते. त्याला हलवण्यात धोका असतो. ज्याला सगळी कामं येतात त्याला कुठेही हलवता येतं, म्हणून त्याला जागा देण्याची गरजच उरत नाही. ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे आणि आमच्या गावच्या बेसबॉल क्लबाने ती अकरा हिवाळी हंगाम काटेकोरपणे पाळली. मी या मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो, त्यामुळे जवळून पाहिलेलंच सांगतो.

बेसबॉलात मैदानावर उभं राहायच्या जागा नऊ. एलादिओ नऊही ठिकाणी उभा राहिला. दूरच्या मैदानात ११२ सामने, दुसऱ्या बेसवर ९८, फलंदाजामागचा कॅचर म्हणून ३१ (दोन बोटं मोडून), चेंडू फेकणारा पिचर म्हणून ४ (सामना हातचा गेल्यावर, पाहुण्यांचा मान राखायला). बाकावर २०९. ही दहावी जागा क्लबाच्या तक्त्यात धरत नाहीत, पण सर्वाधिक अनुभव त्याला तिथलाच. त्याच्या पिशवीत पाच तऱ्हेचे हातमोजे असत. रादामेसच्या पिशवीत एक हातमोजा आणि केसांचं तेल. रादामेस तिसऱ्या बेसवर कायम होता.

दर वार्षिक समारंभात अध्यक्ष म्हणत, एलादिओ म्हणजे आमच्या संघाचा कणा. कणा पाठीमागे असतो आणि समोरून दिसत नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

अडचण एकच होती, एलादिओच्या आईची. डोन्या तेओदोरा (डोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब) तिसऱ्या बेसच्या मागे, कुंपणाला लागून बसायची. तिच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. नजर तिसऱ्या बेसपर्यंत पोचायची, पुढे सगळे धब्बे. मी कुंपणापाशी उभा असायचो, तर मला विचारायची, "यातला माझा कोणता रे?" मी सांगायचो, डावीकडून दुसरा. ती त्या धब्ब्यासाठी टाळ्या वाजवायची. कधी कधी तो पंच निघायचा. (पंचाने हरकत घेतली नाही. त्याच्यासाठी दुसरं कोणी टाळ्या वाजवत नसे.)

मग राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की या हिवाळ्यात तिसरा बेस दिसेल, पुढच्या हिवाळ्यात ताटातली उकडलेली केळी दिसली तरी पुष्कळ.

एलादिओ मॅनेजर फाउस्तोकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. हंगामभर तिसरा बेस.

"तिथे रादामेस आहे," फाउस्तो म्हणाला. "त्याला दुसरं काही येत नाही."

"तिसरा बेस येतो का?"

"तो वेगळा विषय आहे, पोरा."

एलादिओने वाद घातला नाही. नियम त्याला कळला आणि तो नियमात बसायच्या तयारीला लागला. हंगामाआधीच्या सरावात, आठवड्याला एक या गतीने, त्याने आठ जागा विसरायला घेतल्या. पहिल्या आठवड्यात उजव्या मैदानातले झेल सोडले. दुसऱ्यात पहिल्या बेसवर चेंडू पायांतून जाऊ दिले. सर्वांत जड गेला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा. चेंडू आला की हात आपसूक खाली जायचा. मग हातात आलेला चेंडू तो हळूच टाकून द्यायचा आणि आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा. सोंग वठवणं ही एकच गोष्ट या माणसाला येत नव्हती.

तरी क्लबाचं समाधान झालं. फाउस्तोने कागदावर लिहिलं: 'सदर खेळाडूस आता केवळ तिसरा बेस येतो. सबब त्यास तेथून हलवू नये.' रादामेस ससन्मान बाकावर गेला.

पहिल्या सामन्याला डोन्या तेओदोरा निळा झगा घालून दोन तास आधी येऊन बसली. एलादिओ तिसऱ्या बेसवर आला. ती बघतच राहिली. सामना कुठे चाललाय याची तिला शुद्ध नव्हती. "जाड झालाय," मला म्हणाली. काही वेळाने म्हणाली, "बापासारखाच उभा राहतो, एका पायावर भार देऊन. मला कोणी सांगितलं नाही." असे तीन डाव गेले.

चौथ्या डावात शॉर्टस्टॉपचा घोटा मुरगळला. त्याला उचलून नेलं. बाकावर ती जागा येणारा कोणी नव्हता. फाउस्तोने एलादिओकडे पाहिलं. पिचरने पाहिलं. चार हजार प्रेक्षकांनी पाहिलं. एलादिओने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. ती जागा तो विसरलाय अशी कागदोपत्री नोंद होती. तिच्यावर एकाचाही विश्वास नव्हता.

"खेळ का थांबला रे?" डोन्याने विचारलं. मला गप्प बसता आलं असतं. मी सांगितलं.

ती उठली, कुंपणाची जाळी धरली. "एलादिओ, उभा काय राहिलास, बाळा? ती जागा रिकामी आहे ना."

तो वीस पावलं चालून गेला. रादामेस केस सारखे करत तिसऱ्या बेसवर आला. डोन्या खाली बसली आणि त्याच्याकडे बघू लागली. तिला दिसण्यासारखा तेवढाच होता.

सामना आम्ही दोन धावांनी जिंकलो. घोटा काही त्या हिवाळ्यात बरा झाला नाही.

हे वाचून कोणाला फाउस्तोचा राग येईल, कोणाला माझा. येऊ द्या. फक्त एक विचारतो. शॉर्टस्टॉपला उचलून नेलं, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात तिथे कोणाला पाठवलंत? त्या चार हजारांना त्याच्या आईच्या डोळ्यांचं ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं.