किनूचा बा आणि अंबूबाईचा चहा

अंबूबाईनं चहा सोडला, तोही एका जपानी पोरीसाठी. तासगावजवळच्या वर्धमान चौगुल्यांच्या बेदाणा शेडवर याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण त्या पोरीसाठी तिथल्या अकराच्या अकरा बायका आधीच रडून झाल्या होत्या.

या सगळ्याला जबाबदार चौगुल्यांची लेक ब्राह्मी. कराडला इंजिनिअरिंग संपवून ती नोकरीची वाट बघत घरी बसलेली. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिला बायकांवर लक्ष ठेवायला शेडवर बसवलं. ती कसलं लक्ष ठेवते! मोबाइलवर मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचत बसायची. एकदा अंबूबाईनं विचारलं, "काय बघून डोळं पुसतीयास गं?" झालं! त्या दिवसापासून ब्राह्मी वाचून मराठीत सांगायची, चित्रं फिरवून दाखवायची आणि बायका बेदाण्यातल्या काड्या निवडत ऐकायच्या.

गोष्टीत किनूए नावाची नावाड्याची पोर होती. बायकांनी तिची किनू केली. तिच्या बापाला किल्लेदारानं पळवलेलं आणि एक डोळा गेलेलं कुत्रं सोबत घेऊन ही पोर त्याला शोधत निघालेली. शेडवरच्या गप्पा बंद झाल्या, निवडणी दुप्पट झाली. अण्णा खूश. "असल्या पोरासोरांच्या चित्रांत मला काय रस न्हाई," असं बजावून ते प्लायवूडच्या आडोशापलीकडं आपल्या टेबलाशी बसून राहायचे.

किनू बर्फात कोसळली त्या दिवशी अंबूबाईनं भरल्या डोळ्यांनी शपथ घेतली, "हिचा बा घावंस्तवर मी च्या पिणार न्हाई." दिवसाला आठ कप रिचवणारी बाई ती!

आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मालिका बंद पडली.

"बंद म्हंजे?"

"वाचणारे कमी पडले म्हणून छापणाऱ्यांनी बंद केली, मावशी. हे शेवटचं पान." पानावर किनू किल्ल्याच्या दारात उभी. हातात तलवार, पायाशी बर्फ. खाली लिहिलेलं, 'खरी लढाई आता सुरू!' आणि त्याच्या खाली, 'समाप्त.'

"आता सुरू आन लगीच समाप्त?" अंबूबाई उसळली. "जेवायला बोलावून पाटावरनं उठवता व्हय रं मुडद्यांनो?"

ब्राह्मीनं मोबाइल खाली ठेवला. "चित्रकारानं सगळ्यांची माफी मागितलीय, मावशी. त्यानं निरोप घेतला. आपण पण घेऊ."

"पोरीला थंडीत दारात उभी करून निरोप घिऊ? त्यो घिऊंदे. मी न्हाई घ्यायची!"

बुधवारी अंबूबाईचं डोकं ठणकायला लागलं. तिच्यासमोर बनुबाईला चहा घशाखाली उतरेना, म्हणून तिनंही सोडला. मग एकटीच कशी पिऊ म्हणत एकेक करत सगळ्यांनी सोडला. गुरुवारपर्यंत अकरा डोकी पदरानं करकचून बांधलेली आणि बेदाण्याचे काळे मणी चांगल्या ढिगात, चांगले मणी कचऱ्यात. शनिवारी व्यापाऱ्याची गाडी येणार आणि अर्धा माल पुन्हा निवडायला आलेला. अण्णा तणतणत आले.

"आवं अंबूबाई, च्या प्या, च्या! आलं घालून करायला सांगतो."

"मालक, शपथ आल्यानं सुटत न्हाई."

ब्राह्मीनं मग सरळ थाप मारली. "मावशी, नवीन भाग आला! बा सापडला!"

अकरा चेहरे उजळले. अंबूबाईनं हात पुढं केला. "चित्र दाव."

ब्राह्मीनं मोबाइल पाठीमागं लपवला. चित्र कुठलं दाखवणार? अंबूबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं, रागावली मात्र नाही. उलट कमरेला पदर खोचून उभी राहिली. "त्यांनी बंद केली असंल, आमी न्हाई केली. तूच काढ चित्र. बापलेकीची गाठ घाल."

बेदाण्याच्या पेटीचा एक कोरा पुठ्ठा आला, मार्कर आला. ब्राह्मीनं घाम गाळून बाप काढला.

"ह्यो बा हाय का बोरची मोटार?" बनुबाईनं विचारलं.

अण्णांचा धीर सुटला. तरुणपणी गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांवरचे वाघ आणि मोर त्यांनीच रंगवलेले. "आण इकडं! बा घावला की निवडायला बसायचं, काय?" म्हणत त्यांनी मार्कर ओढून घेतला. पंधरा मिनिटांत वाकलेला, दाढी वाढलेला बाप उभा राहिला आणि त्याच्या गळ्यात पडलेली किनू.

अंबूबाईनं पुठ्ठा दोन्ही हातांत धरला. मग नाक पुसत म्हणाली, "भेटली गं बाई पोर. ठेवा च्या!"

शेडवर आल्याचा वास सुटला. पहिल्या घोटाला अंबूबाईनं डोळे मिटले. ब्राह्मीनं सुटकेचा निश्वास टाकला आणि चित्राखाली 'समाप्त' लिहायला मार्कर टेकवला. तेवढ्यात अंबूबाईनं तिचं मनगट धरलं.

"काय लिवतीस?"

"समाप्त. बा भेटला की आता."

"आन कुत्रं? एवढं बर्फ तुडवत आलं, ते कुठं गेलं?" तिनं अर्धा कप खाली ठेवला. "उरल्याला च्या कुत्रं घावल्यावर."

एकापाठोपाठ एक अकरा अर्धे कप जमिनीवर टेकले.

सगळ्या अण्णांकडं बघायला लागल्या. आता मालक पुठ्ठा फाडणार, याची खात्रीच. अण्णांनी एक मोठा उसासा सोडला, दुसरा कोरा पुठ्ठा ओढला आणि मांडी घालून बसले.

"डोळा डावा गेलाय न्हवं त्याचा?" त्यांनी विचारलं.

ब्राह्मी बघतच राहिली. "अण्णा, तुम्हाला कसं..."

"गप बस," मान वर न करता अण्णा म्हणाले. "आन एक कान तुटलाय. घाटातल्या मारामारीत. तू त्या दिवशी ते पान घाईत वाचलंस, तरी आडोशापल्याड ऐकू आलं."