एकशे सदतीस पिवळ्या खुणा

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! नव्या घराचा ताबा घ्यायला निघताना हे मी बायकोला तीनदा ऐकवलं. लेबलं बनवणाऱ्या कारखान्यात मी सोळा वर्षं तपासनीस आहे. केसभर वाकडं लेबलसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही. तिथे सगळे मला ‘भिंग’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण म्हणतात!

‘‘अहो, आज ती नजर घरीच ठेवा,’’ बायको म्हणाली. ‘‘आज काहीही करून चावी मिळाली पाहिजे. परवा ही जागा सोडायचीय. टेम्पो ठरलाय!’’

तिचंही बरोबर होतं. नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली आम्ही. घरमालकाचा पहिलाच नियम, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमच्या लग्नाचा फोटो नऊ वर्षं कपाटात, चादरींच्या घडीत! आज तो पिशवीत घालूनच ती निघाली. बरोबर सासूबाई होत्या. लेकीचं घर बघायचं म्हणून त्या पहाटेपासून तयार होऊन बसल्या होत्या.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि कोऱ्या रंगाचा असा वास की मला नाचावंसं वाटलं. आमचं! स्वतःचं! बायको तर रिकाम्या खोलीत उगाचच इकडून तिकडे धावून आली.

इमारतीच्या इंजिनीअरने एक फॉर्म हातात ठेवला. पोरगेलासा, सभ्य माणूस.

‘‘कुठे काही खटकलं तर तिथे खूण करून ठेवा. मी तासाभरात येतो.’’

खूण? मी कारखान्यातून पिवळ्या लेबलांची दोन रिळं घेऊनच आलो होतो! लागलो कामाला. नळ डावीकडे झुकलेला, लेबल! बटणांची पाटी सूतभर तिरकी, लेबल! एक फरशी ठोकली तर पोकळ वाजली, तिला दोन लेबलं!

‘‘अहो, दाराला ओरखडा कुठाय? मला तर दिसतच नाही!’’

‘‘म्हणूनच लेबल लावतोय. नाहीतर त्या इंजिनीअरला कसा दिसणार?’’

बायकोने कपाळावर हात मारला आणि फोटो कुठे लावायचा ते ठरवायला ती बाहेरच्या खोलीत निघून गेली.

सासूबाई दारात घुटमळत होत्या. ‘‘जावईबापू, मीही लावू का थोडी?’’

‘‘विचारता काय, आई! लावा हवी तेवढी!’’ मी अख्खं रीळ त्यांच्या हातात दिलं. मला म्हातारीचं कौतुकच वाटलं. या वयात केवढी बारीक नजर!

तासाने इंजिनीअर आला. एकेक लेबल मोजत तो घरभर फिरला आणि बाहेरच्या खोलीत येऊन मटकन जमिनीवर बसला.

‘‘साहेब, एकशे सदतीस!’’

‘‘शक्यच नाही! मी अठ्ठावन्न लावलीत.’’

‘‘शंभरच्या वर गेलं की आमच्याकडे घर थेट फेरतपासणीला जातं. चावी तीन महिन्यांनी.’’

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. ‘‘तीन महिने? आम्ही परवा राहायचं कुठे?’’

‘‘बाकीची कुणी लावली?’’ मी ओरडलो.

सासूबाईंनी हात वर केला. चांगला अभिमानाने!

‘‘आई, या खिडकीत काय वाईट आहे?’’

‘‘वाईट? अहो, उजेड बघा किती सुंदर येतो!’’

‘‘आणि ओटा?’’

‘‘माझ्या लेकीच्या उंचीला कसा नेमका आहे! म्हणून तीन लावली.’’

‘‘आणि भिंतीवर चाळीस?’’

‘‘भिंत स्वतःची आहे ना आता तिची!’’

बायकोला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. ‘‘अगं आई, लेबल चुकांना लावायचं होतं!’’

‘‘मला काय माहीत? मला वाटलं, आवडेल त्याला लावायचं.’’

इंजिनीअर खरंच सभ्य. छताकडे बघत तो म्हणाला, ‘‘मला एक फोन करायचाय. दहा मिनिटं लागतील. परत येईन तेव्हा जेवढी असतील तेवढीच मी मोजेन.’’

तो वळताच मी भिंतीवर झडप घातली. पहिलं लेबल ओढलं. चर्रर्र! लेबल हातात आलं, आणि त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही आला! आमचं लेबल पाण्यात भिजवा, उन्हात टाका, जागचं हलत नाही. तो गोंद पास कुणी केला? मीच!

‘‘हळू ओढा!’’ बायको.

‘‘हळूच ओढतोय!’’ चर्रर्र!

ओलं फडकं झालं, नखं झाली, सासूबाईंनी केसांतली पिन काढून दिली. उपयोग शून्य. दहा मिनिटांत एकही लेबल उरलं नाही, आणि भिंती कसर लागलेल्या शालीसारख्या दिसायला लागल्या.

जिन्यात पावलं वाजली. आता यानेच ‘भिंती खराब’ म्हणून चावी अडवली तर? मी फॉर्म ओढला आणि एका दमात लिहिलं, ‘तक्रार नाही. रंगकाम पूर्ण आणि पसंत. यापुढे कोणतंही काम करून नको.’ खाली झोकदार सही!

इंजिनीअरने भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

‘‘रंग पसंत आहे?’’

‘‘अप्रतिम!’’

‘‘एकदा विचार करा, साहेब.’’

‘‘विचार झाला! चावी द्या हो!’’

दिली! बायकोने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. दार लावलं, कुलूप फिरवलं, उघडलं, पुन्हा लावलं. असं तिने सात वेळा केलं. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. संकटात डोकं शांत ठेवायला लागतं, दुसरं काय!

जिना उतरता उतरता इंजिनीअर थांबला.

‘‘एक सांगू का? रंगाचा शेवटचा हात अजून बाकीच होता. सामान चढवताना भिंती खराब होतात, म्हणून लोक राहायला आल्यावर आम्ही तो मारतो. सोमवारी तुमचाच नंबर होता.’’

‘‘मग मारा की!’’

‘‘आता कसा मारणार? काम नको म्हणून तुम्हीच लिहून दिलंत.’’

बायकोने पिशवीतून लग्नाचा फोटो काढला आणि सगळ्यात मोठा पोपडा निघाला होता तिथे धरून बघितला.

सोमवारी मी रंगाच्या दुकानात उभा होतो. भिंतींचं वर्णन ऐकून दुकानदार हळहळला. ‘‘अरेरे! सगळीकडे पोपडे? घर फार जुनं दिसतंय. किती वर्षं झाली?’’

‘‘चाळीस,’’ मी म्हणालो, आणि मोठा ब्रश मागितला.