सरांच्या नावाचं बाकडं

"या वर्षी आमच्या मुलांचं काम लोक नुसतं बघणार नाहीत, वापरतील," असं सरांनी भर बैठकीत ठणकावून सांगितलं, आणि तिथंच त्यांचं चुकलं. माणसानं बैठकीत चहा प्यावा, मान डोलवावी आणि घरी जावं!

पण सरांचाही इलाज नव्हता. कला महाविद्यालयात ते 'सार्वजनिक जागा' हा विषय शिकवत. म्हणजे चित्रं काढून भिंतीवर टांगायची नाहीत; रस्त्यावर, बागेत, चार लोकांच्या उपयोगी पडेल असं काही करायचं. आजवर मुलांनी जे जे केलं, त्याला लोकांनी वळसा घातला होता. आता तपासणी समिती येणार होती. विषय बंद झाला तर सरांच्या गळ्यात पहिल्या वर्षाचा अक्षरलेखनाचा वर्ग पडणार होता, आणि तो तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सरांचे गुडघे पहिल्याच मजल्यावर रडकुंडीला येत. तेव्हा प्रश्न कलेचा होता हे खरं, पण त्याहून जास्त गुडघ्यांचा होता.

मुलांनी मात्र बाकडं झकास केलं. महाविद्यालयाच्या दारातल्या बसथांब्यावर बसायला काही म्हणता काही नव्हतं. तिथं त्यांनी टेकल्याबरोबर कंबर सुखावेल असं रुंद पाठीचं लाकडी बाकडं ठेवलं. वर्गातल्या एका अक्षरवेड्या मुलीनं त्याच्या पाठीवर दगडी पाटी बसवली. तीवर सरांचं पूर्ण नाव, खाली विषय सुरू झाला ते साल, मग आडवी रेघ, मग चालू साल. अक्षरं उठून दिसावीत म्हणून पाटी काळी घेतली, असं ती म्हणाली. सरांना अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर ही गर्दी! सगळे उभे, आणि बाकडं रिकामं. सर खिडकीतून बघत होते. दोन्ही हातांत जड पिशव्या घेतलेला एक गृहस्थ बाकड्यापाशी आला, पाटी वाचली, आणि पिशव्या जमिनीवर ठेवून अदबीनं बाजूला उभा राहिला. संध्याकाळी बाकड्यावर फुलं दिसली. कुणीतरी विसरलं असेल, असं सरांनी स्वतःला समजावलं.

शेवटी ते स्वतःच जाऊन बसले. आपण बसलो की लोक बसतील, हा त्यांचा हिशोब. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, कुणाच्या तरी आठवणीसाठी ठेवलंय ते. वाचता येत नाही का?"

"माझंच नाव आहे ते," सर म्हणाले.

बाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि पर्स छातीशी धरून थांब्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. सरांनी मागे वळून पाटी पहिल्यांदाच लोकांच्या नजरेनं वाचली. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

घरी आले तर बायको फोनवर कुणाची तरी समजूत काढत होती. दुपारपासून हेच चाललं होतं. ज्या मावसभावानं सरांची वर्षानुवर्षं साधी विचारपूस केली नव्हती, तो म्हणे हुंदके देऊन रडला. फोन ठेवून ती म्हणाली, "तुम्ही गेलात असं सगळे म्हणतायत. आलाच आहात तर तेवढा गॅस बंद करा."

सकाळी सर पाटी काढायला गेले. पण मुलांनी ती अशी चिकटवली होती की बाकडं तुटलं असतं, पाटी निघाली नसती. वर निदान कागद तरी लावू म्हणेपर्यंत समितीची गाडी दारात! प्राचार्यांनी घाईघाईनं सरांना मुलांना बोलवायला पिटाळलं. मुलं तिसऱ्या मजल्यावर. सर प्रत्येक वळणावर श्वास घेत चढले, कठडा धरून उतरले, तोवर समिती निघूनही गेली होती.

प्राचार्यांचा चेहरा मात्र फुलला होता. विषय वाचला होता! समितीच्या अध्यक्षबाई लोकांबरोबर बाकड्यासमोर गुपचूप उभ्या राहिल्या होत्या, डोळे टिपत. लोक एखाद्या जागेला इतकं जपतात हे मी आजवर कुठं पाहिलं नाही, असं म्हणाल्या होत्या. सरांचा जीव भांड्यात पडला.

"फक्त एक आहे," प्राचार्य चाचरले. "त्यांनी तुमच्या जागी लगेच नवा माणूस नेमायला सांगितलंय."

"अहो, पण मी आहे की!"

"मला कळतंय हो, सर. पण त्या एवढ्या भारावल्या होत्या, त्यात मध्येच कसं सांगायचं?"

"मग मी काय करू?"

प्राचार्यांनी वर छताकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. त्याच्या वर पहिला मजला होता, त्याच्यावर दुसरा, आणि त्याच्यावर तिसरा.

संध्याकाळी सर थांब्यावर आले. बसचा पत्ता नव्हता, गुडघे ठणकत होते. त्यांनी फुलं उचलली आणि सरळ बसले. बाकडं खरंच छान झालं होतं. काठी टेकत उभे असलेले एक आजोबा जरा जवळ आले.

"ओळखीचे होते का तुमच्या?"

"होते थोडेफार."

"कशानं गेले?"

"गुडघ्यांनी," सर म्हणाले.

आजोबांनी हळहळून मान हलवली आणि स्वतःचा गुडघा चोळला. "मग मी बसलो तर त्यांना राग नाही यायचा," ते म्हणाले.

"बसा, बसा," म्हणत सरांनी आपली फुलं मांडीवर घेतली आणि थोडे सरकले.